रसाची पहिली वाटी

बाबाजी गोताड माझ्या नजरेत पहिल्यांदा भरले ते वास घेताना.

मे महिन्यातली दुपार होती. परसातल्या चार कलमांचे आंबे टेम्पोत घालून मी पावस रस्त्यावरच्या एका लहानशा कॅनिंग कारखान्यात आले होते. आमच्याकडे थोडीबहुत कलमं असलेली माणसं चांगले आंबे पेटीत भरून विकतात, आणि उरलेले डागी, बारके आंबे पिकवून कारखान्यात नेतात. तिथे त्याच आंब्यांचा रस काढून, डबे भरून, सील करून परत मिळतात. दुसऱ्याचा आंबा आपल्या रसात मिसळलेला कुणालाच चालत नाही. त्यामुळे प्रत्येक घराचा घाणा वेगळा निघतो, आणि पाळी येईपर्यंत माणसं आपापल्या क्रेटजवळ माश्या हाकत बसून राहतात.

माझी पाळी आली. रस काढायचं मशीन सुरू झालं. त्याला तिथे सगळे पल्पर म्हणत. जाड पिवळी धार खाली पातेल्यात पडू लागली तसा एक काटकुळा माणूस पुढे झाला. खाकी पँट, बाही दुमडलेला सदरा, खांद्यावर फडका. त्याने स्टीलची वाटी धारेखाली धरली, अर्धी भरून घेतली, नाकाशी नेली आणि डोळे मिटले. मग वाटी बाजूला ठेवून बायकांकडे बघून मान हलवली. काम पुढे सुरू झालं.

मी विचारलं, "चाखून नाही बघायचं?"

"गोड हाय का आंबट ते तुमच्या झाडाला विचारा, बाई. मी माझ्या मशीनचा वास बगतो."

मी तेव्हा शाळेत शिकवत होते आणि कुणी अर्धवट उत्तर दिलं की पुढचा प्रश्न विचारायची मला सवय होती. त्यांनीही कंटाळा न करता सांगितलं. मशीनच्या आत एक दांडा फिरतो. त्याला दोन्ही टोकांना बेअरिंग, आणि बेअरिंगला ग्रीस लागतंच. ग्रीस आणि रस यांच्यामध्ये असतं फक्त एक रबरी कडं, त्याला सील म्हणतात. ते कडं झिजलं आणि कणभर ग्रीस पलीकडे गेलं की रसाला वास लागतो. जिभेला ते लवकर कळत नाही, कारण आंब्याची गोडी सगळं झाकते. नाकाला आधी कळतं. म्हणून प्रत्येक घाण्याची पहिली वाटी ते स्वतः हुंगत. सीझनभर आंबा तोंडात घालत नसत.

"खाल्ला की नाकाला त्याची सवय होते," म्हणाले. "मग बाकी काय कळत नाय."

पलीकडे पाण्याच्या पाइपाजवळ एक ठेंगणी, भरल्या अंगाची बाई उभी होती. ती हसून म्हणाली, "नाकाचं सांगतायत. कानाचं सांगा की. घरात मी हाक मारली तर ऐकायला येत नाय, हितं नटबोल्ट पडला तर पावसपर्यंत ऐकायला जातो."

ती मालन, त्यांची बायको.

पुढे दरवर्षी मे महिन्यात माझी त्या दोघांशी गाठ पडू लागली, आणि थोडं थोडं करून मला त्यांची हकीकत कळली. बाबाजी आतल्या एका गावातले. वाडीतली बहुतेक मुलं मुंबईला जात, तसे तेही गेले होते आणि एका वर्कशॉपात हाताखाली काम शिकले होते. वडील अंथरुणाला खिळले तेव्हा परत आले ते कायमचेच. कारखाना तेव्हा नवा होता. आताचा मालक सागर, त्याचे वडील तेव्हा मालक होते. त्यांनी बाबाजींना पंप दुरुस्त करायला म्हणून बोलावलं आणि मग ठेवूनच घेतलं. मालन आधी आंबे सोलायला येत असे. नंतर मशीन धुणाऱ्या बायकांची ती मुख्य झाली. मुलगी एकच, ती राजापूरला दिलेली.

कारखान्याचं काम फार थोडे दिवस असतं आणि त्या थोड्या दिवसांत माणसाला पिळून काढतं. पिकलेला आंबा थांबत नाही. एक मशीन बंद पडलं की अंगणात क्रेटांचा ढीग लागतो, खालचा आंबा फुटतो, गोड-आंबूस पाणी वाहू लागतं आणि लोक मालकाच्या नावाने बोटं मोडू लागतात. त्या दिवसांत बाबाजी बेअरिंगवर हात ठेवून फिरत. गुडघे दुखायचे तरी मशीनच्या खालच्या कोपऱ्यात वाकून वंगण द्यायचे. पावसाळ्यात कारखाना बंद असला तरी ते मधून मधून जाऊन प्रत्येक मशीनचा दांडा हाताने थोडा फिरवून ठेवत, म्हणजे खारट दमट हवेने एकाच जागी गंज बसू नये. या कामाचा पगार त्यांना मिळतो की नाही हे मी कधी विचारलं नाही.

त्या दोघांचं एक भांडण सगळ्या कारखान्याला पाठ होतं. संध्याकाळी काम संपलं की मालन आणि तिच्या बायका सोडा घातलेल्या कडकडीत पाण्याने सगळी मशीनं धूत. मालनने पाइप हातात घेतला की ती कुठली फट सोडत नसे. बाबाजी तोवर घरी जायला निघालेले असत. सकाळी येऊन बघावं तर बेअरिंगच्या कडेचं ग्रीस साफ धुऊन गेलेलं.

"पुन्हा माझ्या बेअरिंगवर पाणी मारलंस?"

"मग काय हळदकुंकू लावू?"

"अगं, ग्रीस धुऊन जातं."

"जाऊदे. रस नासला तर लोक माझं नाव घेतील. तुमच्या ग्रीसला कोण विचारतंय?"

बायका हसत. बाबाजी ग्रीसगन घेऊन पुन्हा भरायला बसत. रात्रभरात आत पाणी राहिल्यामुळे बेअरिंग सकाळी थोडं कुरकुरायचं. ती कुरकुर ऐकली की त्यांचा हात आणखी दोन-चार पंप मारायचा. लेकराचं पोट भरलंय म्हटलं तरी आई आणखी एक घास भरवते, तसंच ते. असं वर्षानुवर्षं चाललं. ती जितकं चांगलं धुवायची तितकं हे जास्त भरायचे. दोघंही आपापलं काम चोख करत होती, म्हणून यात काही चुकतंय असं कुणाच्या मनात आलं नाही.

मग करोनाची दुसरी लाट आली. दोघांनाही ताप आला, दोघंही घरीच पडून बरी झाली. दोघांचाही वास गेला होता. मालनचा महिन्याभरात परत आला. ती सांगते, एके दिवशी शेजारी कुणीतरी सुके बोंबील भाजले आणि तिला रडूच आलं. "माझा आला परत," ती बाबाजींना म्हणाली. "तुमचा?"

"माझापण आला," बाबाजी म्हणाले.

आला नव्हता. आज येईल, उद्या येईल म्हणत ते थांबले. नारळाच्या तेलाची बाटली उघडून हुंगत, कुणी नसताना रॉकेलचा डबा हुंगत. काहीच नाही. हे त्यांनी कुणालाही सांगितलं नाही, मालनलाही नाही. सागरचे वडील तोवर गेले होते, कारखाना सागरकडे आला होता, आणि तो येणाऱ्या-जाणाऱ्याला अभिमानाने सांगत असे, "आमच्याकडे बाबाजीकाकांचं नाक आहे." साठीला टेकलेल्या, गुडघे गेलेल्या माणसाला कारखान्यात अजून जागा होती ती त्या नाकामुळे, असं त्यांनी मनाशी धरलं होतं. तसं असेलही.

पुढच्या सीझनला ते पहिल्यासारखेच वाटी धारेखाली धरत, नाकाशी नेत, डोळे मिटत आणि मान हलवत. माझ्या घाण्यालाही त्यांनी तशीच मान हलवली. मी समोर उभी होते. मला काही वेगळं दिसलं नाही. एवढंच आठवतं की डोळे मिटल्यावर ते नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ तसेच उभे राहिले. मला वाटलं, दमले असतील.

रसाचे डबे आमच्याकडे गणपतीत उघडतात. मुंबईची माणसं घरी आलेली असतात, भाद्रपदात आमरस-पुरीचं पान वाढायचं म्हणजे यजमानाला त्याचं कौतुक. त्या वर्षी माझ्याकडे भाऊ-भावजय आले होते. मी डबा फोडला. भावजयीने पातेल्यात रस ओतला आणि थांबली.

"वन्सं, याला गॅरेजसारखा वास येतोय का हो?"

येत होता. फार नाही, पण एकदा कळल्यावर दुसरं काही कळत नव्हतं. दुसरा डबा फोडला, त्यालाही तोच. नैवेद्याला मी शिरा केला.

विसर्जन झाल्यावर डबा घेऊन कारखान्यात गेले. माझ्याआधी बरेच जण येऊन गेले होते. सागरच्या टेबलावर फोडलेले डबे मांडलेले होते आणि तो डोकं धरून बसला होता. पोरगा तसा वाईट नाही. बापाने जमवलेलं नाव आपल्या हातून जातंय या धास्तीने त्याचा चेहरा उतरला होता. त्याने मालनला आणि बाबाजींना बोलावून घेतलं होतं.

मालनने एकेक डबा हुंगला. "येतोय वास," ती सरळ म्हणाली. "तेलकट हाय."

सागरने माझा डबा बाबाजींपुढे केला. "काका, तुम्ही बघा."

बाबाजींनी डबा नाकाशी नेला. डोळे मिटले.

"मना तर नाय येत," ते म्हणाले.

सागर त्यांच्याकडे बघत राहिला. "नाही येत?"

"नाय."

"बाईंना येतो, मला येतो, मालनकाकीला येतो. आणि तुम्हाला येत नाही."

बाबाजींनी डबा टेबलावर ठेवला.

सागर मालनकडे वळला. पूर्वी कधीतरी चिकटलेलं ग्रीस काढायला बायका मशीनवर रॉकेलचा बोळा फिरवत असत. सागरच्या वडिलांनी ते बंद केलं होतं. "काकी, खरं सांगा. कुणी रॉकेल वापरलं?"

"नाय. माझ्या बायका रॉकेलला हात लावत नायत."

"मग वास आला कुठून?"

"ते मी कसं सांगू?"

सागर पुन्हा बाबाजींना म्हणाला, आणि या वेळी आवाज खाली गेला होता, "काका, तुम्ही काकींना पाठीशी घालाल असं वाटलं नव्हतं. तुम्ही वास येतो म्हणाला असता तर मी आणखी शोध घेतला असता. आता मला दुसरं काय वाटणार?"

त्याने सगळ्यांचे डबे बदलून द्यायचं कबूल केलं. आणि पुढच्या सीझनला धुण्याचं काम रत्नागिरीतल्या एका ठेकेदाराच्या माणसांना द्यायचं ठरवलं. मालनने आणि तिच्या बायकांनी येऊ नये. मालनने पदर खोचला आणि ती बाहेर पडली. बाबाजी तिच्या मागून दारापर्यंत गेले आणि तिथेच थांबले.

घरी काय झालं ते मला मालननेच सांगितलं, नंतर कधीतरी. ती रॉकेलच्या आळापेक्षा नवऱ्याच्या खोटं बोलण्याने जास्त चिडली होती.

"मी काय चोरी केली व्हती, म्हणून मला झाकलंत? वास येतोय तर येतोय म्हणायचा! आता लोकांना वाटणार, बाबाजीनं बायकोसाठी खोटा सांगितलान."

बाबाजी भिंतीकडे तोंड करून झोपून राहिले.

मालन बसून राहणारी नव्हती. ती काजूच्या कारखान्यात बिया फोडायला जाऊ लागली. काजूच्या टरफलात जे तेल असतं ते कातडी जाळतं. हाताला राख लावून बसलं तरी बोटं काळी पडतात. थंडीत ती माझ्याकडे नारळाच्या सुक्या झावळ्या न्यायला आली तेव्हा तिच्या अंगठ्याची सालपटं निघालेली दिसली. मी आतून खोबरेल आणून दिलं.

"हाताला काय, बरा होईल," ती म्हणाली. "पण बाई, एवढी वर्षं मशीन धुतली. कुणी म्हणालं नाय घाण राहिली म्हणून. आता मीच घाण केली म्हणतायत." जाताना वळून म्हणाली, "आणि आमचं माणूस हल्ली बोलतच नाय. आधी जेवणात खोड काढायचं. आता काय वाढलं ते गिळतं. मनाला लागलं असेल."

माघ संपता संपता सागरने पल्पर उघडायला घेतला. वासाचं कोडं त्याच्याही मनातून गेलं नव्हतं. ठेकेदाराला काम देऊनही पुन्हा वास आला तर काय, ही भीती होती. तेल-ग्रीस बनवणाऱ्या एका कंपनीची राजश्री नावाची इंजिनिअर मुलगी कोल्हापूरहून यायची होती. मशीन उघडायला अर्थातच बाबाजी.

मशीन उघडलं त्या दिवशी संध्याकाळी बाबाजी माझ्याकडे आले. मी ओटीवर बसले होते. त्यांनी चपला पायरीच्या खालीच काढल्या.

"बाई, तुमचे डबे मी घालवले."

मी म्हटलं, "आधी बसा."

ते पायरीवरच बसले. पाणी दिलं ते प्यायले नाहीत, तांब्या धरून ठेवला. मग हळूहळू सांगितलं.

त्यांनी आणि राजश्रीने मिळून बेअरिंग काढलं होतं. सील आतल्या बाजूला उलटं झालेलं, रबराची कड दुमडलेली. आणि आतल्या पत्र्यावर, रस वाहतो त्या बाजूला, ग्रीसचा जाड थर. राजश्रीने बोटाने तो दाखवला. ती मुलगी ओरडली वगैरे नाही. तिने विचारलं, "काका, ग्रीस कधी भरता?"

"सकाळी."

"आणि धुतात कधी?"

"सांजचं."

"किती भरता?"

"कुरकुर थांबेपर्यंत."

मग तिने त्यांना समजावून सांगितलं. बेअरिंगला पोटापुरतंच ग्रीस लागतं. जास्त भरलं की ते आत घुसळून तापतं, पातळ होतं आणि वाट मिळेल तिथून बाहेर पडतं. गनच्या जोराने सीलच उलटं होतं. आणि संध्याकाळी पाणी मारून बेअरिंग रात्रभर तसंच ठेवलं की आत गंज धरतो. सकाळची कुरकुर गंजाची असते. तिला आणखी ग्रीस घालून ती थांबत नाही, थोडा वेळ गप्प बसते. आधी धुवायचं, मग लगेच थोडंसं ग्रीस द्यायचं, म्हणजे शिरलेलं पाणी बाहेर निघतं. आणि धुताना बेअरिंगला झाकण लावायचं.

"पोरगी हुशार हाय," बाबाजी म्हणाले. "मी इतकी वर्षं उलटं करत आलो. सकाळी करत व्हतो ते सांजचं करायला पायजे व्हतं. एवढंच."

"एवढ्याच कामाची चूक असेल तर तुम्ही असे का बसलाय?"

त्यांनी तांब्या हातात फिरवला. मग म्हणाले, "तिनं एक डबी दिली. पांढरं ग्रीस. खाण्याच्या मशीनसाठी येगळं असतं म्हणे, चुकून पोटात गेलं तरी अपाय नाय. म्हणाली, काका, वास बघा. मी हुंगलं. म्हटलं, हां, येतोय, पण कमी हाय." त्यांनी तांब्या खाली ठेवला. "ती म्हणाली, काका, याला वासच नसतो."

मला समजायला क्षणभर लागलं.

"तिनं कुणाला सांगितलं नाय. माझ्याकडे नुसतं बगितलं, आणि डबी बंद केली. मग हळू आवाजात विचारलं, करोना झाला व्हता का?"

बाहेर काळोख पडू लागला होता. मी दिवा लावायला उठले नाही.

"आता सागरला कळलंय की ग्रीस आत गेलं," ते म्हणाले. "तो म्हणतो, सील खराब झालं, कुणाच्या हातात नसतं. माझ्यावर ढकलत नाय. पण मालनचं काय, ते बोलत नाय. वास येत असताना मी नाय म्हटलं, म्हणजे मालनला वाचवायला बगत व्हतो, म्हणजे तिचं कायतरी असणारच, असं त्याच्या डोक्यात अजून हाय. मी नाकाचं सांगितलं तर ते निघेल."

"आणि नाही सांगितलं तर?"

"तर मी पहिली वाटी हुंगत राहीन. ती काजू फोडत राहील."

ते दमलेले होते. नुसत्या अंगाने नाही. अख्खा सीझन रोज एकेका घराच्या रसापुढे डोळे मिटून खोटी मान हलवायची, आणि कुणी बघतंय का ते बघायचं, याने माणूस किती थकत असेल ते मला त्या पायरीवर दिसलं. मी उपदेश केला नाही. एवढंच म्हटलं, "सागरच्या आधी मालनला सांगा. दुसऱ्याकडून कळायला नको."

"ती मारेल."

"मारू दे."

ते हसले. मग पाणी प्यायले आणि गेले.

दुसऱ्या दिवशी काय झालं ते मी दोघांकडूनही ऐकलं आहे, आणि आश्चर्य म्हणजे दोघांची हकीकत जुळते. मालन चुलीपुढे होती. बाबाजींनी उभ्यानेच सांगून टाकलं. मालन वळली, त्यांच्याकडे बघत राहिली, आणि तिचा पहिला प्रश्न होता:

"म्हणजे त्या दिवशी बांगडा करपला, तो तुमी गपचूप खाल्लात तो..."

"मना कळलंच नाय करपला ते."

"आणि आमटी आंबली व्हती ती?"

"तीपण."

"देवा! आणि मी वाडीत सांगत फिरले, आमचं माणूस सुधारलं म्हणून! खोड काढत नाय, वाढलं ते खातं!"

मग तिने कालथा खाली टाकला आणि रडली. बाबाजी सांगतात, बराच वेळ रडली. ती म्हणते, थोडासाच. नंतर तिने त्यांना विचारलं, गॅस सुटला असता तर काय केलं असतंत? घरात मी नसते तर? तिने साडी बदलली, काजूच्या कारखान्यात आज येत नाही म्हणून शेजारणीकडे निरोप दिला आणि त्यांना घेऊन एसटीने कारखान्यात गेली.

सागरपुढे बाबाजींनी सगळं सांगितलं. ग्रीस मी जास्त भरलं. वास मला येत नव्हता, म्हणून मी नाही म्हटलं. मालनसाठी खोटं बोललो नाही, माझ्यासाठी बोललो. शेवटचं वाक्य त्यांनी तिथेच पहिल्यांदा उच्चारलं, घरीसुद्धा नव्हतं.

सागर बराच वेळ टेबलावरची धूळ बोटाने पुसत राहिला. मग मालनला म्हणाला, "काकी, माझं चुकलं."

"चुकलं ते चुकलं," मालन म्हणाली. "ठेकेदाराला नको म्हणून सांग. आणि झाकणं कुठं मिळतात ती आण. मी पाणी मारणार ते मारणारच."

"आणि काका?"

मालनने नवऱ्याकडे बघितलं. "त्यांना ठेव. नाक गेलंय, हात नाय गेले."

सागरने ठेवलं. पण ते सगळं पहिल्यासारखं झालं असं मी म्हणणार नाही. मालनच्या बायकांपैकी निम्म्या परत आल्या नाहीत. काजूचं काम वर्षभर असतं, त्यांनी तेच धरलं. काही घरांनी आंबे दुसऱ्या कारखान्यात न्यायला सुरुवात केली ती अजून तिकडेच नेतात. "आमच्याकडे बाबाजीकाकांचं नाक आहे" हे वाक्य सागरने पुन्हा म्हटलेलं मी ऐकलं नाही. नव्या पांढऱ्या ग्रीसला वासच नाही, त्यामुळे ते रसात गेलं तरी कुणाच्याच नाकाला कळणार नाही. म्हणून ते मोजकंच द्यायचं, धुणं झाल्यावरच द्यायचं, आणि सील वेळच्या वेळी बदलायचं, असं राजश्रीने ठरवून दिलं आहे.

त्यामुळे बाबाजींना आता संध्याकाळी आधी निघता येत नाही. पूर्वी मालन धूत असताना ते एसटी पकडून पुढे जात. आता ते पालथ्या क्रेटवर बसून तिचं धुणं संपायची वाट बघतात. गुडघ्यावर हात, शेजारी ग्रीसगन. ती शेवटचं पाणी मारते, झाकणं काढते आणि हाक मारते, "या वो, झालं." मग ते उठतात. उठायला वेळ लागतो. एकेका बेअरिंगजवळ जाऊन एकदा गनचा दांडा दाबतात, क्वचित दोनदा. ती पाइप गुंडाळत बघत असते.

"बस झालं. पोट फुटेल त्याचं."

"दिलं एकदाच."

"मी मोजतेय."

गेल्या मे महिन्यात मी आंबे घेऊन गेले होते. आता माझ्याकडे दोनच कलमं उरली आहेत, एक वादळात पडलं, एक वाळलं. माझी पाळी आली, धार सुरू झाली. बाबाजींनी वाटी धारेखाली धरली, अर्धी भरली आणि मालनच्या हातात दिली. मालनने पदराला हात पुसले, हुंगलं, आणि माझ्याकडे बघून मान हलवली. डोळे तिने मिटले नाहीत.

दुपारी बायका जेवायला बसल्या तेव्हा सोललेल्या आंब्यांतला एक बाबाजींनी उचलून खाल्ला. इतक्या वर्षांत सीझनमध्ये त्यांना आंबा खाताना मी पहिल्यांदाच बघितलं. मी विचारलं, कसा आहे.

"गोड हाय," ते म्हणाले. "तेवढं कळतं."

हल्ली ते रोज जेवणानंतर एक आंबा खातात. वास अजून आलेला नाही.